बासेलचा दर, उविराचा दर

बागामोयो,
रविवार, दुपार

प्रिय सेवेरिन,

तुझ्या मेलला मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही, आणि तू दोनदा आठवण करून दिलीस. दुसऱ्यांदा तर 'काही अडचण आहे का?' असंही विचारलंस. अडचण आहे. ती मेलच्या दोन ओळींत मावेना, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आधी माझं काय झालं ते सांगू दे. नाहीतर पुढचा राग तुला विनाकारण वाटेल.

आपली शिंप्याच्या दुकानावरची खोली अजून तशीच आहे. तू गेल्यावर तुझं टेबल मी खिडकीशी ओढलं, एवढाच बदल. त्या टेबलावर आपण भाषांतराच्या दरांवरून किती भांडलो आहोत! तुझं म्हणणं ठाम असायचं, की शब्द तोच असेल तर किंमतही तीच, गिऱ्हाईक ओस्लोचं असो की ओमदुर्मानचं. मी म्हणायचे, बंदरावर मासे विकणारी बाई हॉटेलवाल्याला एक भाव सांगते आणि शेजारच्या म्हातारीला दुसरा, त्यात पाप कसलं? त्यावर तू शांतपणे म्हणाला होतास, "मग मासेच विक, भाषांतर कशाला करतेस?" पुढे तू डेन्मार्कला गेलास आणि वर्षभरात तुझा दर चौपट झाला. विचारलं तर म्हणालास, इथे घरभाडं जास्त आहे. म्हणजे गिऱ्हाइकाचा देश बघायचा नाही, पण भाषांतर करणाऱ्याचा बघायचा. हे मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

तू गेल्यावर मी माझ्या पद्धतीने दोन दर ठेवले. युरोपातून काम आलं की त्यांना परवडेल असा, आणि आपल्या बाजूच्या लोकांना पाव. कुणाला फसवतेय असं मला कधी वाटलं नाही. उलट रात्री स्वस्थ झोप लागायची. मग जानेवारीत एकाच आठवड्यात दोन कामं आली. युरोपातल्या, बासेलजवळच्या एका संस्थेला नवजात बाळांच्या काळजीची पुस्तिका स्वाहिलीत हवी होती. आणि काँगोमधल्या उविराच्या सुईणींच्या मंडळाला बाळंतपणातल्या रक्तस्रावावरचं हातपुस्तक हवं होतं. मंडळाच्या प्रमुख नाबिंतूबाईंचं पत्र हाताने लिहिलेलं होतं, त्याचा फोटो काढून पाठवलेला. बासेलला मी पूर्ण दर कळवला, उविराला पाव. वर नाबिंतूबाईंना असंही लिहिलं, की तुमची परिस्थिती मी समजू शकते. ते वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

सुईणींच्या पुस्तकाच्या खर्चातही बासेलचीच संस्था पैसे घालणार होती, हे मला कुठून कळणार? माझी दोन्ही दरपत्रकं तिथल्या रेगुला नावाच्या एकाच बाईच्या टेबलावर पडली. तिने ओरडून काही लिहिलं असतं तर मी भांडले असते. तिने दोनच ओळी लिहिल्या: "दोन्ही दर मिळाले. तुमच्या कामाचा दर्जाही असाच दोन प्रकारचा असतो का, तेवढं कळवावं." सेवेरिन, तीन दिवस मी मजकूर लिहून खोडत होते. चौथ्या दिवशी लांबलचक खुलासा पाठवला, आणि तो वाचून मला स्वतःलाच मी लबाड वाटले. दोन्ही कामं गेली. युरोपातल्या कुठल्याशा मोठ्या कंपनीला दिली, असं तिने सभ्यपणे कळवलं.

त्यानंतर मी मारांगूला, तुझ्या गावी गेले. त्याबद्दल पुढे लिहिते.

परत आले तर मेलमध्ये युरोपातल्या एका मोठ्या भाषांतर कंपनीचं काम येऊन पडलेलं. फाईल उघडली आणि पहिल्या पानावर उविराच्या मंडळाचं नाव. तेच हातपुस्तक! फिरून फिरून माझ्याच दारात आलेलं. सोबत दर होता, मी सुईणींना सांगितलेल्या पाव दराच्याही निम्मा. मी कारण विचारलं, तर त्यांच्या माणसाने लिहिलं, की आमचे दर भाषांतरकाराच्या देशातल्या राहणीमानाप्रमाणे ठरतात, आणि टांझानियासाठी हा चांगलाच दर आहे. मी गिऱ्हाइकांचे देश बघत होते तेव्हा इकडे कुणीतरी माझाही देश बघून ठेवला होता. त्या कंपनीने बासेलकडून किती घेतले असतील याचा अंदाज तू माझ्यापेक्षा चांगला करशील.

मी ते काम घेतलं. तू नाक मुरडशील, पण घेतलं. नकार दिला असता तर ते आणखी स्वस्तातल्या कुणाकडे गेलं असतं, आणि ते पुस्तक हातात धरून उद्या एखादी शिकाऊ सुईण बाळंतिणीच्या उशाशी उभी राहणार होती. दीड महिना खपले. आपली किनाऱ्याची स्वाहिली उविराच्या बायकांना प्रवचनासारखी वाटते, म्हणून तिकडच्या एका नर्सला फोन करकरून शब्द बदलून घेतले. तो फोनचा खर्च कुणाच्याच दरात नव्हता. माझं नावही पुस्तकावर नाही.

पुस्तक पोचल्यावर नाबिंतूबाईंचा फोन आला. भाषांतर माझं आहे हे त्या नर्सनेच त्यांना सांगितलं होतं. वाटलं, आभार मानतील. मानले, पण आधी झाडलं. म्हणाल्या, "बाई, आम्हाला काय परवडतं ते तू आम्हाला न विचारताच ठरवलंस. बारा गावांच्या बायकांनी वर्गणी काढली होती. कमी पडेल ते बासेलवाले घालणार होते." मला सूट द्यायची होती, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सूट द्यायची तर दे. पण आधी तुझी खरी किंमत लिही आणि खाली लिही, यातले इतके मी सोडले. म्हणजे तू काय दिलंस ते आम्हाला कळेल. नुसतं स्वस्त सांगितलंस तर आम्हीच स्वस्त ठरतो, आणि तूही." मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, तेही थांबावं असं वाटत होतं.

त्या दिवसापासून माझा दर एकच आहे. दारावर लावलाय, मेलच्या खाली लिहिलाय. त्यामुळे चार गिऱ्हाइकं गेली आणि एक आलं. म्हणजे तू जिंकलास असं समजू नकोस. तुझा एकच दर अभिमानातून आलेला होता, माझा शरमेतून आलाय, आणि दोन्हींनी घर नीट चालत नाही.

आता मारांगूचं. तुझ्या आईला केळीच्या बागेत माती दिली, तुझ्या वडिलांच्या शेजारी. मी बसने दिवसभर प्रवास करून गेले, कारण तू येणार नाहीस हे मला तुझ्या फोनवरूनच कळलं होतं. तिकिटं महाग आहेत, तुझ्या लेकीची, सिग्नेची परीक्षा आहे, सगळं खरं होतं. तुझ्या मामांनी मला तुझ्या जागी उभं केलं आणि माती माझ्याकडून टाकून घेतली. हे तुला कुणी सांगितलं नसेल. आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तुझी मेल आली: आईने सिग्नेला लिहिलेली अकरा पत्रं मामांना सापडली, कधी न पाठवलेली; फोटो सोबत आहेत. मुलीला स्वाहिली येत नाही, इंग्रजी करून दे, आणि 'युरोपचा दर लाव, संकोच करू नकोस.' सेवेरिन, तू माझ्यापेक्षा चांगलं भाषांतर करतोस. ही पत्रं तुला उघडवत नाहीत, एवढंच आहे. ते तू लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी कामाला बसले असते. तू दर लिहिलास. म्हणून पहिल्या पत्राचं भाषांतर सोबत आहे आणि त्याचं बिलही, सगळ्यांना लावते त्याच दराने, आणि ते तू भरायचंस. उरलेली दहा मी करणार नाही. ती सिग्नेला जवळ बसवून तू मोठ्याने वाच, आणि जमेल त्या भाषेत तिला सांग. पहिल्या पत्रात तुझी आई नातीला लिहिते, "तुझा बाबा लहानपणी खोटं बोलताना स्वतःचा डावा कान धरायचा. आता फोनवर तो मला रोज सांगतो, मी इकडे मजेत आहे. पोरी, तेव्हा त्याचा हात कुठे असतो, तेवढं बघून मला कळव."

तुझीच,
म्वानैदी