वरचं शेत आणि कोरिनचा सिनेमा

मी, व्हर्डा हॉचकिस, वय बहात्तर, राहणार स्प्रूस होलो, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कुणी जबरदस्ती केलेली नाही. करून बघावी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा डग्लस याला. छप्पर गळतं, तेही त्याचंच.

२. ट्रॅक्टर सुनेला. तो डग्लसचं ऐकत नाही, तिचं ऐकतो.

३. शेजारी फ्लॉइड टरविलिगर याला त्याच्या हातपंपाचा दांडा परत. १९७० साली आमच्या वरच्या शेतात गाण्यांचा जलसा भरला, हजारो केसाळ पोरंपोरी आली, तेव्हा त्यांना पाणी मिळू नये म्हणून याने दांडा काढून लपवला होता. ड्यूईने शोधला आणि सगळ्यांना पाणी पाजलं. ड्यूई तेव्हा त्या केसाळांतलाच एक. माझा नवरा नंतर झाला.

४. वरचं शेत. हे नीट वाचा. नात कोरिन त्या जलशावर विनोदी सिनेमा काढतेय. त्यात मी आहे. स्टेजवरचा माणूस भोंग्यावरून ओरडला होता, "मंडळी, आमच्याकडचा ब्रेड संपलाय!" आम्ही चर्चच्या बायकांनी ऐकलं आणि घरोघरी ओव्हन पेटवले. धुण्याच्या टोपल्या भरून ताजे ब्रेड मी ट्रॅक्टरवरून नेले.

"बाई, हे काय?"

"ब्रेड. संपला म्हणालात ना?"

त्या पोरांच्या बोलीत ब्रेड म्हणजे पैसा, हे आम्हाला कोण सांगणार? अख्खं शेत हसलं, मग खायला बसलं. सगळ्यात मोठ्याने ड्यूई हसला. सगळ्यात जास्त खाल्लंही त्यानेच, आणि परत गेलाच नाही.

डग्लसला ते शेत गोदामवाल्यांना विकायचंय. म्हणतो, "आई, सिनेमात तुझं हसं करतील." करू देत. हसं झालं म्हणून तुझा बाप मिळाला, गाढवा.

~~माझ्या पश्चात वरचं शेत कोरिनला द्यावं, म्हणजे तिला तिथे शूटिंग करता येईल.~~

५. वरचं कलम का खोडलं ते लिहिते. सहीसाठी फ्लॉइडला बोलावलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"व्हर्डा, पोरीचं शूटिंग कधी आहे?"

"ऑगस्टात."

"आणि तू मरणार कधी?"

"इतक्यात तरी नाही."

"मग तिने काय कॅमेरे लावून तुझी वाट बघायची?"

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा कामाचं बोलला. म्हणून वरचं शेत कोरिनला आत्ताच, मी जिवंत असताना देते. बक्षीसपत्र सोमवारी वकिलाकडे. डग्लसने तोंड वाजवू नये.

कोरिनला लगेच फोन केला. "आजी, खरंच?" म्हणाली आणि रडायलाच लागली. म्हटलं, "रडायचं नंतर. जुलैअखेर गवत कापून देते. माणसं किती आणतेस ते सांग, गाड्या कुठे लावायच्या ते बघायला हवं."

बाकी सगळं वर लिहिल्याप्रमाणे. मला आता वेळ नाही.

सही: व्हर्डा हॉचकिस
साक्षीदार: फ्लॉइड टरविलिगर, लोइस प्रॅट, पोस्टातली
स्प्रूस होलो, २ जून २०१८