दादाच्या गाडीतले नवे स्पीकर

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुम्ही दोघं तिकडे मजेत असाल असं धरून चालतो. इकडे आई ठीक, मी ठीक आणि दादाची गाडीही ठीक (गाडीचं ‘ठीक’ थोडं सविस्तर सांगावं लागेल).

बदलीच्या गावी जाताना दादाने किल्ली देऊन बजावलं होतं, की दर रविवारी गाडी दहा मिनिटं चालू कर, बाकी कशाला हात लावू नकोस. आता आईला फोनवरचं धड ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र ती कपाटात जपून ठेवते (झिजू नये म्हणून). म्हणून मी युक्ती काढली. रविवारी आम्ही दोघं उभ्या गाडीत बसतो आणि तुम्ही आठवडाभर पाठवलेले आवाजी निरोप मी गाडीच्या स्पीकरवर लावतो. आई पर्स मांडीवर घेऊन, पट्टा लावून बसते. पण कंपनीचे ते स्पीकर! तुम्ही पिंपात तोंड घालून बोलताय असं वाटायचं. आईने ठरवूनच टाकलं, की तुम्हाला चार महिने सर्दी आहे आणि दादा औषध आणत नाही. एका रविवारी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी ठरवलं, स्पीकर बदलायचे म्हणजे बदलायचे.

दुकानदार म्हणाला, अ‍ॅम्प्लिफायर लावल्याशिवाय उपयोग नाही. पण त्यासाठी बॅटरीपासून सबंध गाडीतून तार न्यावी लागते, आणि दादाच्या गाडीत तार ओढायची म्हणजे दादाचीच शीर ओढण्यासारखं. मी आठ दिवस वाचन केलं. कमी ताकदीतही मोठ्याने बोलणारे स्पीकर मिळतात. फक्त माप आणि ओहम (म्हणजे विजेला होणारा अडथळा) जुन्यांइतकेच हवेत. तसे द्या म्हटल्यावर, चष्म्याचा नंबर घरीच काढून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. पण दिले.

माझ्या चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी दाराचं आतलं आवरण उघडायला बसलो. ते आधी उघडतच नाही, आणि मग असं उघडतं की समोरचे निवृत्त कंपाउंडर गॅलरीत येऊन “कुणाला लागलं का?” विचारतात. स्पीकर बसले. लावून बघितले, तर आवाज आधीपेक्षा फुसका! वहिनी, खोटं सांगत नाही, मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं (हॉर्न वाजला, कंपाउंडर पुन्हा आले). पण माघार घेणार नव्हतो. दोन्ही दारं परत उघडली, एकेक तार तपासली. डावीकडची अधिक-उणे उलटी जोडली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, दुसरा त्याच वेळी मागे ओढत होता. लहानपणी एका पांघरुणात मी आणि दादा करायचो तसं. तारा सुलट केल्या आणि तुमचा आवाज असा स्वच्छ आला, की मी चटकन पाय खाली घेऊन नीट बसलो.

रविवारी आईला बसवलं. “सर्दी गेली गं बाई हिची,” म्हणाली. मी भरून पावलो.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. आवरणाच्या दोन खुंट्या तुटल्या आहेत. उजवं दार खड्ड्यात खुळखुळतं. दादाला तुमच्या पद्धतीने सांगा.

ता. क. दुसरा. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. “पुढच्या महिन्यात येतोच आम्ही” हा तुमचा निरोप लावला, तेव्हा तुमच्या मागून दादा कुजबुजताना ऐकू आला, “वर्षभर मुक्काम वाढलाय ते आईला सांगू नकोस.” जुन्या स्पीकरवर हे कुणाला कळलंही नसतं. आईने तो निरोप तीनदा लावायला लावला. रडली नाही. “आवाज छान आहे रे,” म्हणाली आणि गाडी तशीच स्टेशनच्या तिकीट खिडकीवर न्यायला सांगितली. पंधरा तारखेला सकाळच्या गाडीने ती तुमच्याकडे येते आहे, वर्षभरासाठी. तिला घ्यायला तेवढं स्टेशनवर या. आणि हो, दादाला यातलं काही सांगू नका, असं तिने बजावलं आहे.