संघ तुझ्या शहरात आला तर

ताई,

आपला हॉकीचा संघ यंदाही तळाला आहे. अजून एक सामना हरला, तर मालक तो तुझ्या शहरात हलवणार अशी बोलवा आहे. मला वाटलं, बाबा आकाशपाताळ एक करतील. तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून त्यांचा जीव त्या संघातच अडकलेला. पण काल जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "तिच्या घरापासून तिथलं मैदान लांब असेल का गं?"

"कुणाच्या?" मी मुद्दाम म्हटलं.

"तुझ्या बहिणीच्या." आणि घटाघटा पाणी प्यायले.

हे पत्र तुला पाठवणार नाही. त्यांचं त्यांनाच विचारू दे. रविवारी सामना आहे. आपण हरावं असं मला पहिल्यांदाच वाटतंय. बाबांनाही तसंच वाटतं का, ते शेजारी बसून बघणार आहे.

तुझी,
धाकटी