मार्लिसची वीस काडतुसं

२ सप्टेंबर
अकरा वर्षं अर्ज केल्यावर मार्लिसला सोडतीत एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना लागला. एकच नर. बायकोचा एवढा मोठा दिवस दुकानच्या काडतुसांवर सोपवणारा नवरा मी नव्हे. झाडलेल्या काडतुसांच्या जुन्या पितळी पुंगळ्या मीच पुन्हा भरून देणार. रोज पाच. शिस्तीत.

९ सप्टेंबर
शिस्त सोमवारपासून.

१९ सप्टेंबर
पुंगळी वापरून वापरून लांबते. मग तोंडाशी कापून मापात आणायची. आज वीस कापल्या. केसाचाही फरक नाही! तेवढ्यात मेहुणा ड्वेन टपकला. म्हणाला, "व्हर्लिन, आधी डायच्या साच्यात दाबून घे, मग मोज आणि काप. दाबलं की पितळ आणखी लांबतं." मी नुसता हसलो. ड्वेन ट्रॅक्टर दुरुस्त करतो. अचूकपणा हे वेगळं खातं.

२० सप्टेंबर
डायमध्ये दाबल्या. पुन्हा मोजाव्यात असं क्षणभर वाटलं. पण ते म्हणजे स्वतःवरच संशय घेणं. शिवाय मोजायच्या कॅलिपरची बॅटरी संपली होती.

५ ऑक्टोबर
वीस काडतुसं तयार. डबीवर तिचं नाव घातलं. ती म्हणाली, "चल, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन दोन झाडून बघू." रेंजवर ड्वेन असतो. गुडघा दुखतोय म्हणालो. संध्याकाळपर्यंत खरंच दुखायला लागला.

२४ ऑक्टोबर, दुपार
तीन तास बर्फात पालथे. नर आला. दीडशे यार्डांवर, आडवा उभा. मार्लिसने काडतूस आत सारायला रायफलचा बोल्ट पुढे ढकलला. बंद होईना. दुसरं काडतूस घातलं. तेच.
"जोर लाव," मी कुजबुजलो.
"आणि तोंडावर फुटलं तर?"
तिसऱ्याला खडखडाट झाला. नराने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश झाडीत गेला.
"अकरा वर्षं, व्हर्लिन," एवढंच ती म्हणाली.
थंडीने रायफल आखडली असणार.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळ
नवी बॅटरी घालून मोजलं. वीसच्या वीस लांब. कॅलिपरही थंडीने बिघडला.

३१ ऑक्टोबर
मार्लिस ड्वेनबरोबर गेली. दुकानची डबी घेऊन. पहिल्याच गोळीत नर पडला. दुपारी मला फोन: मांस खाली आणायला ये. सगळ्यात आधी माझी आठवण झाली, हे महत्त्वाचं. नराचा मागचा एक पाय माझ्या वाट्याला. ड्वेनने विचारलं, जड होतोय का? मुळीच नाही, म्हणालो. अर्ध्या मैलात तीनदा बसलो. मार्लिस परत वर चढून आली. "आण इकडे," म्हणाली. पाय तिने स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि घाम आला म्हणून टोपी काढून माझ्या हातात दिली.
टोपी घरापर्यंत सुखरूप आणली.