सायलेन्सरचा बंदोबस्त

५ जानेवारी २०२५, रविवार
गणपतीनंतर थेट आज. इतके महिने एक ओळ लिहिली नाही, याबद्दल दिलगिरी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणजे माफी मलाच मागायची आणि मीच द्यायची. दिली.
लिहायला बसण्याचं कारण गंभीर आहे. चाळीच्या नोटीस बोर्डावर कागद लागला आहे : पटांगणातल्या बंद गाड्या महिनाअखेर हलवाव्यात, नाहीतर कमिटी भंगारवाल्याला बोलावेल. 'गाड्या' असं लिहिलंय. पटांगणात गाडी एकच आहे. बाबांची. सही : सेक्रेटरी, धनेश. माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर.
गाडी बंद नाही. तिला थंडी बाधते, इतकंच. आज पहाटे लालबागमध्ये सोळा अंश होते. चोक ओढला, स्टार्टर मारला, खर्र खर्र झालं आणि गप्प.
संकल्प : शास्त्रीय पद्धतीने निदान करणे. भावनेच्या आहारी न जाणे.

७ जानेवारी
कॅनडातल्या एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. उणे तीसमध्ये त्याची गाडी सुरू होते. रात्री इंजिन उबदार ठेवावं म्हणतो. माझी गोधडी बॉनेटवर घातली. आई म्हणाली, "तुझ्या बापसान कधी गाडयेक गोधडी घातली नाय. तो रोज गाडी भायर काढी." आईला थर्मोडायनॅमिक्स समजावण्यात अर्थ नाही.

८ जानेवारी
चालू झाली! दोन मिनिटं चालवली, जागच्या जागी. मग बंद केली. रोज असंच करणार.
सुचित्रा गॅलरीतून म्हणाली, "अरे, दोन मिनिटांत काय होतं? जरा हिंदमाताच्या पुलापर्यंत तरी फिरवून आण."
बायकोला राजकारण कळत नाही. धनेशने नवी गाडी बुक केली आहे, पाडव्याला येणार. मी एकदा फाटकाबाहेर गेलो, की त्या जागेत तो कुंड्या लावेल, मग कुंड्यांच्या जागी गाडी. म्हणून गेल्या दिवाळीपासून मी गाडी जागेवरून हलवलेली नाही. हा हट्ट नव्हे, ही पहाऱ्याची ड्युटी आहे.

१० जानेवारी
पुन्हा बंद. चोक पूर्ण ओढला, अॅक्सिलरेटर दहा-बारा वेळा दाबला. पेट्रोलचा भपकारा, बाकी काही नाही.
आणि आज कारण सापडलं. दूध आणायला उतरलो, तर धनेश गाडीच्या मागे वाकलेला. मला पाहून सरळ झाला. म्हणतो, "आनंदा, पेट्रोलचा वास येतोय रे. आणि हे मागचं..." मी पुढचं ऐकलंच नाही. गाडी माझी, वास माझा, याला काय करायचंय?
माणसावर विनाकारण संशय घेणं वाईट, हे मला कळतं. म्हणून दिवसभर स्वतःला विचारलं : माझ्या मनात आकस आहे का? प्रामाणिक उत्तर : आहे. पण आकस असला म्हणून संशय खोटा ठरत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
धनेश तिळगूळ घेऊन आला. मीही दिला. पण त्याच्यापुढे म्हणायचं ते वाक्य म्हटलं नाही. नुसता वाटी पुढे करून उभा राहिलो. सूड म्हणून ही सुरुवात बरी आहे. तो मात्र, "अरे, बोल की गोड," म्हणत हसला आणि दोन वड्या जास्त घेऊन गेला. निर्लज्ज.

१७ जानेवारी
वाचनात आलं की दुसऱ्याची गाडी बंद पाडायची असेल, तर सायलेन्सरमध्ये काहीतरी कोंबतात. धूर बाहेर जात नाही, इंजिनाचा श्वास कोंडतो. धनेश मागेच वाकला होता! टॉर्च मारून पाहिलं. रिकामा. म्हणजे अजून कोंबलेलं नाही, कोंबणार आहे.
उपाय सोपा. जागा आधीच भरलेली असेल, तर तो काय कोंबणार? मंडळाचा २०११चा टी-शर्ट, आता पोटावर येत नाही, तो घडी करून काठीने आतपर्यंत दाबला. बाहेरून दिसत नाही. चालू करण्याआधी आठवणीने काढायचा.
बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल.

१८ जानेवारी
ताप. सर्दी. सुचित्रा म्हणते, गोधडी गाडीला दिल्यावर दुसरं काय होणार.

२१ जानेवारी
ताप उतरला, डोकं जड. आई लादी पुसायला मंडळाचा टी-शर्ट शोधते आहे, मिळत नाही म्हणते. या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही.

२४ जानेवारी
ठरलं. परवा झेंडावंदनाला अख्खी चाळ पटांगणात असेल. राष्ट्रगीत झालं की मी गाडी चालू करणार. झाली, तर नोटीस तिथल्या तिथे फाडणार. नाही झाली, तर सर्वांसमोर सांगणार की घातपात आहे, आणि कोणी केला तेही. दोन्ही बाजूंनी धनेश संपला. तोवर गाडीला हात लावायचा नाही, पुरावा बिघडतो.
भाषणाचा मसुदा तयार. 'वैयक्तिक वैर नाही' हे वाक्य तीनदा आलंय. एकदा ठेवावं.

२६ जानेवारी, दुपार
थोडक्यात लिहितो.
राष्ट्रगीत झालं. मी गाडीत बसलो. स्टार्टर मारला. एकदा फुरफुरली आणि मेली. पुन्हा. पुन्हा. मग मी उतरलो आणि भाषण केलं. चांगलं झालं. शेवटी धनेशकडे बोट करून म्हटलं, "सायलेन्सर तपासा!"
धनेश गोंधळला. तरी वाकला, बोट घातलं, म्हणाला, "काहीतरी आहे खरं." चाळीत कुजबुज. मी हाताची घडी घातली. कुणीतरी आकडी आणून दिली. त्याने ओढलं. काळं फडकं बाहेर आलं, लांबतच गेलं, उलगडलं. पाठीवर ठळक अक्षरांत : आनंदा.
तेव्हा मला सतरा तारीख आठवली.
धनेश लगेच नाव आत जाईल अशी घडी घालू लागला. पण आई पहिल्या रांगेत खुर्चीवर होती. ओरडली, "अरे, हो तुझोच मा रे! आणि मी घरभर सोदतंय!"

२६ जानेवारी, रात्र
पुढचं लिहिणं भाग आहे.
टी-शर्ट काढूनही गाडी चालू झाली नाही. धनेश वरून पाना आणि पॉलिश पेपर घेऊन आला. प्लग काढले, कोळशासारखे काळे. घासता घासता म्हणाला, "चोक ओढून जागेवरच चालवलीस ना रोज? प्लग पेट्रोलात बुडतात रे. तुझ्या बाबांनीच शिकवलंय मला हे. तू तेव्हा अभ्यास करायचास." मागच्या टायरमध्ये हवा नव्हती, दहा तारखेला तेच सांगत होता म्हणे. तीही त्यानेच पंपाने भरली.
गाडी चालू झाली. चाळीने टाळ्या वाजवल्या, कोणासाठी ते विचारलं नाही. तो बाजूला बसला, "आता बंद करू नकोस, वरळी कोळीवाड्यापर्यंत जाऊ." गेलो. काचा खाली करून तो बाबांच्या गोष्टी सांगत होता. त्यांतल्या दोन मला माहीत नव्हत्या.
परतलो. जागा रिकामी होती. कुंडीसुद्धा नव्हती. त्याने स्वतःच नोटीस काढली आणि म्हणाला, "एकच अट. दर रविवारी गाडी बाहेर. मीही येतो."
सूड घ्यायचा, तर समोरच्याने थोडं सहकार्य करायला हवं. आता दर रविवारी हा माणूस माझ्या शेजारी बसणार आणि माझ्या बापाच्या गोष्टी मलाच सांगणार.
टी-शर्ट आईने लादी पुसायला नाकारला. धूर लागलाय म्हणते. दारामागे लटकतोय. सगळा काळा झाला, नाव मात्र वाचता येतं.

उद्या : टी-शर्ट धुणे.