पदराचा दोरा

राळेगाव,
रविवार

ती. विमलवहिनींस सुमेधाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि नरहरदादाचा स्वभाव, दोन्ही आता बरे असावेत. इकडे सगळे ठीक आहे, असे लिहिणार होते. पण राळेगावची बातमी उमरखेडला माझ्या पत्राआधी पोचते. तेव्हा माझ्याकडूनच ऐका.

आमच्या शेतकरी गटाची मी अध्यक्ष, हे तुम्हाला ठाऊक आहे (मीच फोन करून कळवले होते). कपड्यांच्या कंपन्या, जिनिंगवाले, एक संस्था आणि आम्ही मिळून स्वच्छ कापसाचा प्रकल्प चालवतो. त्यातला एक नियम असा, की वेचताना नायलॉन-पॉलिस्टरची साडी नको. तिचे दोरे कापसात जातात आणि पुढे कापड बिघडते. नियम चांगला आहे आणि मी तो कडक राबवते. गुरुवारी कंपनीचे पाहुणे यायचे होते. आमच्या शेतात वेचायला येणारी सुखीबाई नेमकी चकचकीत गुलाबी साडी नेसून आली (पाहुणे येणार म्हणून ठेवणीतली). मी तिला वेचू दिले नाही. मजुरांचा ऑटो संध्याकाळीच परततो, त्यामुळे ती दिवसभर बिनमजुरीची शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिली.

पाहुणे आले. प्रकल्पाचा फलक प्लास्टिकचा होता, कार्यकर्त्यांचे टी-शर्टही त्याच कुळातले. पण ते मला तेव्हा दिसले नाही. कंपनीच्या बाईंनी विचारले, एवढे सगळे एकत्र येऊन फरक काय पडला? मी म्हटले, दाखवते. सुती दोरा जळून राख होतो, दुसरा वितळून त्याचा मणी होतो, असे समजावत मी काडी ओढली आणि सुती दोरा म्हणून स्वतःच्याच पदराचा उपटला. म्हणजे तुम्ही भाऊबीजेला दिलेल्या साडीचा. (तुम्हाला दोष देत नाही. दुकान दादाने निवडले असणार.) त्याचा चांगला टपोरा काळा मणी झाला. वासही सुटला. सगळे माझ्या पदराकडे बघू लागले. तेवढ्यात सुखीबाई धुऱ्यावर थोडी सरकली आणि म्हणाली, "बसा बाई, माह्या बाजूले जागा हाये."

मग सगळे हसले. मी बसले नाही. चहाचे बघते म्हणून घरी आले आणि ऑटो गेल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर पडले नाही. शरम त्या मण्याची नाही, वहिनी. दिवसभर मी तिला पाणीसुद्धा विचारले नव्हते.

तुमची,
सुमेधा

ता. क. साडी सुती नाही, बदलून घ्या, असे तुम्ही तेव्हाच सांगितले होते. इस्त्री लागत नाही म्हणून मीच ठेवून घेतली. दुकानाबद्दलचा कंस खोडला आहे असे समजावे. दादाला वाचून दाखवू नये.

आणखी ता. क. काल सुखीबाईकडे जाऊन आले. गुरुवारची मजुरी तिने घेतली, माफी घेतली नाही. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मी कमरेला वेचणीची ओटी बांधून तिच्या शेजारी दिवसभर कापूस वेचला, तरच येईन म्हणते. ती येत नाही तोवर बाकीच्याही येत नाहीत आणि फुटलेला कापूस झाडावर लोंबतो आहे. कपाट उपसले, सुती म्हणावे असे फक्त फरशी पुसायचे फडके निघाले. तरी तुमच्या दोन जुन्या सुती साड्या एसटीच्या पार्सलने लगेच पाठवा. विटक्या असल्या तर फारच बरे. त्या दिवशी मी अध्यक्ष दिसता कामा नये.