चुलीपाशी वाळवलेले हातमोजे

शुक्रवार, संध्याकाळ. तुंगार्ली.

रविवारी हरलो तर आमचा मुलींचा फुटबॉल संघ खालच्या गटात जाणार. म्हणून देहूरोडहून अनुभवी गोलकीपर आणली, सुजाता. आमच्या नेहमीच्या गोलकीपरला, सोनालीला, बाहेर बसवायचं मीच ठरवलं. तिला लहानपणापासून शिकवलंही मीच.

क्लबचे हातमोजे गोलकीपरच्या घरी असतात, धुवायचेही तिनेच. आज सोनालीला ते सुजातासाठी घेऊन यायला सांगितलं होतं.

"मॅडम, धुतल्यात. चुलीपाशी वाळवल्यात, म्हनून वास येतोय."

सुजाता हसली. "अगं, ठेव तुझ्याकडेच. माझे आणलेत मी."

"नगं ताई. मॅडमनी मागितल्यात." माझ्या हातात देऊन ती वाडीकडे निघून गेली.

संघ वरच्या गटात टिकला तरच या पोरींना चांगले सामने मिळतील, हे खोटं नाही. निर्णय बदलणार नाही. पण हातमोजे कशाला मागितले? आधी सुजाताला विचारता आलं नसतं?

टेबलावर ठेवलेत. खोलीभर धुराचा वास.

उद्या वाडीवर नेऊन देईन. ती विचारेल, "मग रविवारी मी हाय?" आणि हातमोजे तिच्या हातात देतादेताच मला नाही म्हणावं लागेल.